मेश्रामजींचे डबे

मी भांडकुदळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. बालाघाटहून रायपूरला आले तेव्हा सोबत एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि ही जीभ, एवढंच होतं. आमचं राज्य तोडून नवीन राज्य झालं होतं, रायपूर त्याची राजधानी झाली होती, आणि आमच्यासारख्या कारकुनांच्या, स्टेनोंच्या याद्या लागल्या होत्या, कोण इकडे आणि कोण तिकडे. माझं नाव इकडच्या यादीत निघालं. ऑफिस एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत भरायचं. साहेबांच्या खुर्चीमागे सलाइनची बाटली टांगायचा खिळा अजून तसाच होता. खोली मिळाली ती तात्यापारा नावाच्या वस्तीच्या मागच्या गल्लीत, मेश्रामांच्या घरी, माडीवर. आणि तिसऱ्याच दिवशी मी घरमालकाशी भांडायला खाली उतरले.

कारण असं की रविवारची दुपार होती आणि खालून एका बाईचा आवाज किराणा मालाची यादी वाचत होता. साखर, शेंगदाणे, साबण, सोजी, शेवया, चहापत्ती. थांबायचा. खाटखूट व्हायची. मग पुन्हा साखर, शेंगदाणे, साबण. दहाव्यांदा साखर आली तेव्हा मी चप्पल घातली. खाली पाहते तर बनियान घातलेला, साठीकडे झुकलेला एक किडकिडीत माणूस जमिनीवर बसलेला, तोंडात स्क्रू धरलेले, समोर लाकडाचे दोन डबे उघडे पडलेले.

"काका, ही यादी मला पाठ झाली आता," मी म्हटलं. "तुमचा किराणा मी आणून देते, पण हे बंद करा."

त्यांनी वर पाहिलंच नाही. तोंडातले स्क्रू काढून विचारलं, "कोणता शब्द दबला?"

"काय?"

"वरून ऐकून राहिल्या ना तुमी. कोणता शब्द दबून राहिला?"

मी स्टेनो. माझं पोट कानावर चालतं. न विचार करता म्हटलं, "सोजी. सोजी नीट येत नाही."

तेव्हा त्यांनी मान वर केली. माझ्याकडे नीट पाहिलं आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं म्हणाले, "पिंकीची माय, या बाईले चहा दे. इले कान हायेत." माझं भांडण तसंच राहून गेलं. चहा मात्र चांगला होता.

डबे म्हणजे लाउडस्पीकर. मेश्रामजींनी त्यांना स्पीकर कधी म्हटलं नाही. उरला या कारखान्यांच्या वसाहतीत एका रोलिंग मिलमध्ये ते इलेक्ट्रिशियन होते, सगळी नोकरी तिथंच गेली. तिथं लाल झालेलं लोखंड रुळांमधून धावायचं आणि पुढं आरी त्याचे तुकडे करायची. त्या आरीशेजारीच त्यांच्या विजेच्या मोटारी. कानात बोळे घालायचे नाहीत, कारण मोटार बोलते ते ऐकू आलं पाहिजे. "दिवसभर लोखंडाचं ऐकतो," ते म्हणायचे, "घरी तरी माणसाचं ऐकू द्या." म्हणून हे डबे. प्लायवूड स्वतः कापायचं, आत गादीचा कापूस भरायचा, मोटार रिवाइंडिंगमधून उरलेली तांब्याची तार आणून तिच्या कॉइल स्वतः गुंडाळायच्या.

गाणं लावून डबा तपासणाऱ्यांचा त्यांना राग होता. "गाण्यात सगळं खपते. बोलण्यात काहीच नाही खपत." म्हणून ती किराणा यादी. फार वर्षांपूर्वी घरात टेपरेकॉर्डर आला तेव्हा बायकोला, म्हणजे काकूंना, म्हणाले, बोल काहीतरी. काकू त्यांना दुकानात धाडायच्याच बेतात होत्या, त्यांनी हातातली यादी वाचून दाखवली. तेव्हापासून प्रत्येक डबा त्या यादीवर पास व्हायचा. काकू समोर बसलेल्या असल्या तरी टेपमधल्या काकूंना आधी विचारलं जायचं. काकू म्हणायच्या, "थी टेपमधली सवत हाये माही. तिचं ऐकतात, माह्यं नाही ऐकत."

कॉइल गुंडाळताना मेश्रामजी वेढे मोजायचे. तोंडातल्या तोंडात, एकशे बारा, एकशे तेरा. त्या वेळी बोलायची सोय नव्हती, आकडा चुकला की सगळी तार उलगडावी लागायची. काकूंनी हे हेरलं होतं. मोठी कॉइल हातात घेतली की त्या दारात येऊन सावकाश सांगायच्या, "मी पुढच्या आठवड्यात भंडाऱ्याले जाऊन राहिली, माहेरी, आठ दिवस." मेश्रामजी डोळे मोठे करायचे, मोजत राहायचे. संध्याकाळी तक्रार केली की काकूंचं उत्तर तयार, "तुमाले सांगतलं होतं ना जी. तुमी नाही म्हटलंच नाही."

आता थोडं डब्यातल्या आवाजाच्या वाटणीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. डब्याला दोन तोंडं असतात, मोठं जाड्या आवाजाचं आणि छोटं बारीक आवाजाचं. छोट्याला ट्वीटर म्हणतात. आवाज येतो तो मिसळलेला, त्यातला कोणता कोणत्या तोंडात जायचा हे ठरवणाऱ्याला म्हणतात क्रॉसओव्हर. मेश्रामजी त्याला वाटणी म्हणत. ती दोन प्रकारची. एक डब्याच्या आत, कॉइल आणि कपॅसिटर जोडून, एकदा केली की कायमची. ती पॅसिव्ह. दुसरी डब्याच्या बाहेर, एका छोट्या सर्किटवर. मग जाड्याला वेगळा अँप्लिफायर, बारक्याला वेगळा, आणि समोर नॉब, पाहिजे तेव्हा कमीजास्त करा. ती अॅक्टिव्ह.

मेश्रामजी आतल्या वाटणीचे, आणि असे कट्टर की विचारू नका. बाजारात ज्या सेठकडून ते सामान घेत तो सांगून दमला, "मेश्रामजी, अब सब एक्टिव चलता है." मेश्रामजी ऐकून घ्यायचे, आणि घरी येऊन मला सांगायचे.

"दोन चुलीचं घर थे. एकाच डब्याले दोन अँप्लिफायर कायले पाहिजे? चार तारा देसान तं कोणी ना कोणी उलट्या लावीनच. जाडा आवाज छोट्या तोंडात घुसला का थे जळलंच समजा. अन् थो नॉब. नॉब दिसला का माणसाचा हात शिवशिवते. मी आठ दिवस बसून डबा पास करीन अन् कोणीबी येऊन घुमवून जाईन?"

पास करणं हा त्यांचा मिलमधला शब्द. दुरुस्त झालेल्या मोटारीवर ते तारीख घालून सही करायचे, तशीच डब्याच्या आतल्या अंगालाही पेन्सिलनं तारीख आणि खाली 'पास. मेश्राम.' मग मागची फळी स्क्रूनं घट्ट. मी एकदा विचारलं, एवढं मीटर वापरता, मग डबा मीटरवर का नाही तपासत? म्हणाले, "मोटारीले मीटर, डब्याले कान. मीटरले काय समजते माणूस काय बोलून राहिला?"

आणि कानांची घमेंड त्यांना शोभायचीही. एकदा जिन्याखालून म्हणाले, "स्टेनोबाई, तुमच्या पंख्याचं बेअरिंग आठ दिवसात जाईन." मी हसले. नवव्या दिवशी पंखा घरघरून बंद पडला. मी खाली सांगायला गेले तर त्यांचं तोंड पडलेलं. एका दिवसानं चुकलो कसा, यावर ते संध्याकाळभर विचार करत होते.

निवृत्त झाल्यावर डबे वाढले. भाच्याला एक जोडी, चौकातल्या चहावाल्याला एक डबा, गल्लीतल्या शिलाईवाल्या बाईला एक, मला एक. पैसे नाही घ्यायचे, पण दर महिन्याला येऊन ऐकून जायचे. आणि याच सुमाराला विहारातून वासनिक गुरुजी आले.

विहार घरापासून चालत दहा मिनिटांवर. आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो, पुढचे तीन महिने रोज संध्याकाळी तिथं ग्रंथवाचन चालायचं. पांढऱ्या साड्यांमधल्या म्हाताऱ्या यायच्या, कोणी रेल्वेतल्यांच्या घरच्या, कोणी पोलादाच्या प्लँटमधल्यांच्या, बहुतेकींना अक्षरओळख नाही. वर्षातून एकदा एक अख्खा ग्रंथ त्या कानांनी वाचायच्या. वाचणाऱ्या पाचसहा बायकांत मेश्राम काकू एक. नवा हॉल बांधला तेव्हा सगळे खूश होते, पण तो उंच, वर पत्रे, आणि जुना भोंगा त्यात असा घुमायचा की तिसऱ्या रांगेमागे नुसता गोंगाट. मागच्या म्हाताऱ्या हात जोडून बसायच्या, ऐकू काही यायचं नाही, पण उठून जायच्या नाहीत.

"पोरं म्हणून राहिली, राजधानीचं गाव झालं, आता भाड्यानं मोठाले डीजे डबे आणू," गुरुजी म्हणाले. "मी म्हटलं आधी मेश्रामजीले विचारू."

"त्याइनं म्हाताऱ्या पळून जातीन," मेश्रामजी म्हणाले. "पौर्णिमेच्या आधल्या रविवारी तुमी हॉलमध्ये या. शेवटच्या रांगेत बसा. शब्द न् शब्द नाही आला तं आणा तुमचे डीजे."

हा शब्द त्यांनी दिला वैशाखात. त्यांच्या सगळ्या डब्यांपेक्षा मोठं काम होतं हे, आणि त्यांना ते किती हवं होतं हे त्यांच्या चालण्यावरून दिसायचं. प्लायवूडच्या दुकानात जाऊन ते फळीवर बोटाच्या पेरानं टकटक करत आणि चार फळ्या परत ठेवून पाचवी घेत. दुकानदार म्हणायचा, तरबूज ले रहे हो क्या.

मग ट्वीटरचं प्रकरण सुरू झालं. चांगलं महागाचं ट्वीटर आणलं, घरी तपासलं, परत नेलं. बारीक आवाजच काढत नाही, मेलेलं आहे. सेठनं बदलून दिलं. तेही मेलेलं. तिसरंही. चौथ्यांदा सेठ म्हणाला, "मेश्रामजी, पूरे रायपुर में एक आप ही का ट्वीटर मरता है." हे त्यांनी मला जिन्यात उभं राहून सांगितलं, आणि आम्ही दोघं सेठच्या मालावर हसलो.

पुढच्याच रविवारी मी जेवून आडवी झाले होते. एकदम कानात सुई घुसावी तशी शिट्टी घुसली. अशी बारीक, अशी लांब, की दात आंबले. मी तणतणत खाली आले. मेश्रामजींनी स्वतः बनवलेलं एक यंत्र होतं, नॉब फिरवला की घुंघुं पासून शिट्टीपर्यंत आवाज चढत जाई. त्याची तार चौथ्या ट्वीटरला जोडलेली. ते त्या ट्वीटरला कान लावून बसले होते. स्वयंपाकघराच्या दारात काकू पदर कानावर दाबून उभ्या.

"हेबी मेलं," मेश्रामजी म्हणाले. "पाहा. इथून पुढं काहीच नाही."

मी दोन्ही कानात बोटं घातली होती. म्हटलं, "काका, बंद करा ते. डोकं फुटतंय माझं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या बोटांकडे पाहिलं. मग वळून काकूंच्या पदराकडे पाहिलं. यंत्र बंद केलं नाही, नॉब अजून थोडा वर नेला.

"आता वाजून राहिलं?"

"हो."

अजून थोडा वर. "आता?"

"हो, काका."

"तुले बी येते?" हे काकूंना.

काकू म्हणाल्या, "येते."

"कवापासून?"

"मले तं पहिल्यापासूनच येते जी. तुमालेच नाही येत. चारपाच वर्ष झाले असतीन."

त्यांनी नॉब शेवटपर्यंत खाली आणला. शिट्टी घुंघुं झाली आणि विझली. ते म्हणाले, "सांगतलं काहून नाही?"

"काय सांगू," काकू म्हणाल्या. "कान म्हणजे तुमचं सगळं. माह्यानं नाही झालं."

मला तेव्हाच वर निघून जायला हवं होतं. पण मी तिथंच थांबले, कारण मलाही माहीत होतं. त्यांनी मला दिलेला डबा टोचायचा. स आणि श असे फसफसत यायचे की मी त्या छोट्या तोंडावर रुमाल बांधून ठेवला होता, आणि ते महिन्याला ऐकायला आले की रुमाल काढून ठेवायची. साऱ्या जगाशी भांडणारी मी, आणि जिथं भांडायला हवं होतं तिथं वर्षभर रुमाल बांधत राहिले. त्याची लाज मला अजून वाटते. त्या दिवशी मात्र मी सांगून टाकलं. रुमालाचंसुद्धा सांगितलं. त्यांनी फक्त मान डोलावली.

तीन दिवस डब्यांच्या खोलीचं दार बंद होतं. काकू जेवणाचं ताट नेऊन ठेवायच्या आणि आणायच्या. चौथ्या दिवशी त्यांची मुलगी पिंकी, जी मराठी समजते पण उत्तर हिंदीतच देते, म्हणाली, "पापा, चलो ना, कान दिखा लेते हैं." ते गेले. डॉक्टरनं कागदावर ग्राफ काढून दिला. डावीकडे रेघ सरळ आणि उजवीकडे घसरत गेलेली. तो त्यांनी मला दाखवला.

"पाहा स्टेनोबाई. जाडा आवाज पुरा शाबूत. बारीक आवाज जवळजवळ साफ. मिलमधल्या आरीनं खाल्लं. अन् मी तिकडं सेठचे ट्वीटर वापस करून राहिलो."

कानाचं यंत्र घ्यायला सांगितलं होतं, तेही त्यांनी पुढं घेतलं आणि लावलं. पण यंत्रानं ऐकून डबा पास करणार नाही म्हणाले. ते यंत्र दुसऱ्याच कोणीतरी पास केलेलं आहे.

मला वाटलं, संपलं आता. गुरुजींना निरोप जाईल आणि डीजे येतील. पाचव्या दिवशी सकाळी सायकल काढून मेश्रामजी घराबाहेर पडले. दुपारपर्यंत त्यांच्या चार खेपा झाल्या. भाच्याची जोडी आली, चहावाल्याचा डबा आला, त्यावर तेलाचे डाग होते. शिलाईवाल्या बाईनं का नेता म्हणून विचारलं तर म्हणाले, "चुकीचा पास झाला." माझाही डबा खाली नेला, रुमालासकट. घरातले धरून सगळे डबे त्यांनी ओसरीत एका रांगेत मांडले, आतल्या तारखांप्रमाणे, जुना डावीकडे, नवा उजवीकडे. मग काकूंना आणि मला समोर बसवलं.

"एकेकावर यादी लावतो. जो टोचते त्याच्यावर हात वर करा. लाज नका धरू."

पहिल्या डब्यात काकू तरुण होत्या आणि साखर साखरेसारखी होती. दुसराही गोड. तिसराही. चौथ्यावर आम्ही एकमेकींकडे पाहिलं. पाचव्यावर काकूंचा हात वर गेला, माझाही. त्यापुढं आम्ही हात खाली आणलेच नाहीत. शेवटच्या, म्हणजे माझ्या डब्यावर, साबण असा किंचाळला की काकूंना हसू आलं, आणि मग त्या पदरानं डोळे पुसू लागल्या.

मेश्रामजींनी एकेक डबा उघडला. ट्वीटरच्या वाटेवर आवाज रोखायला एक रेझिस्टर असतो. त्यावरचे आकडे त्यांनी मोठ्यानं वाचले. दर डब्यात आकडा मागच्यापेक्षा कमी होता. दर वेळी त्यांना बारीक आवाज थोडा कमी वाटला होता, आणि दर वेळी त्यांनी तो थोडा जास्त सोडला होता. आणि प्रत्येक ठिकाणी पेन्सिलनं लिहिलेलं, पास. मेश्राम.

"हे माह्या कानाचं मस्टर हाये," ते म्हणाले. "रोजची हजेरी लागलेली. मीच लावली अन् मलेच समजलं नाही."

ते रडले नाहीत. मी असते तर रडले असते. त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला आणि आमच्या देखत पाचव्या डब्यापासून प्रत्येकाचा रेझिस्टर बदलायला घेतला. बदलायचा, यादी लावायची, आमच्याकडे बघायचं. आम्ही टोचतं म्हटलं की पुन्हा उघडायचं. एकेका डब्याला सातआठ वेळा. डबा उघडा, कापूस काढा, सोल्डरचा डाग द्या, कापूस भरा, फळी कसा. दोन दिवसांत आम्ही तिघंही थकून गेलो. तिसऱ्या दिवशी दुपारी, शिलाईवाल्या बाईचा डबा सहाव्यांदा उघडताना, ते थांबले.

"माह्या कानानं करत होतो तवा आतली वाटणी बरोबर होती," ते म्हणाले. "कान आतमध्ये अन् वाटणीबी आतमध्ये. आता कान तुमचे हायेत. मंग वाटणी बाहेरच पाहिजे."

काकू म्हणाल्या, "म्हणजे दोन चुली?"

"हव," ते म्हणाले. "दोन चुली."

दुसऱ्या दिवशी ते सेठकडे गेले. सेठ हसला नाही, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगते. परत आणलेली तीन ट्वीटरं त्यानं फेकली नव्हती, त्यातलीच दोन काढून दिली. पौर्णिमेला तीन आठवडे उरले होते. या माणसानं नोकरीभर ज्या सर्किटला नावं ठेवली ते तो चाळिशी लावून, एका विद्यार्थ्यासारखा, वहीत आकृत्या काढत शिकला. पण आपली मतं त्यांनी सोडली नाहीत, ती नव्या कामात घातली. तारा उलट्या लागतील ही भीती होती ना? मग जाड्याचा प्लग एका जातीचा आणि बारक्याचा दुसऱ्या जातीचा घेतला, एक दुसऱ्यात शिरूच शकत नाही. तरीही ट्वीटरच्या आधी एक कपॅसिटर बसवला, चुकून जाडा आवाज आलाच तर अडवायला. "चौकीदार हाये थो. राजधानीत सगळ्याइच्या दाराशी असते, याच्या दाराशीबी असू द्या." कॉइल या वेळी एकही नव्हती. काकूंची पंचाईत झाली, माहेरी जायचं सांगायला वेळच सापडेना.

पौर्णिमेच्या आधल्या रविवारी आम्ही हॉलमध्ये गेलो. काकू ग्रंथ घेऊन माइकसमोर, मी शेवटच्या रांगेत लघुलिपीची वही घेऊन. काम असं ठरलं होतं की काकू वाचतील, मी उतरवेन, आणि जो शब्द पोचला नाही तिथं रेघ मारेन. मेश्रामजी मधल्या जागेत एका स्टुलावर, समोर दोन अँप्लिफायर आणि ते नवं सर्किट. त्यावर एकच नॉब बाहेर ठेवला होता, बारीक आवाजाचा.

पहिलं पान झालं. त्यांनी वही मागितली. लघुलिपी त्यांना वाचता येत नव्हती, पण रेघा दिसत होत्या. अर्धं पान रेघांनी भरलेलं. त्यांनी नॉब हलवला, दुसरं पान. रेघा तेवढ्याच. पुन्हा हलवला. रेघा वाढल्या. दारात कमिटीची दोनतीन पोरं येऊन उभी राहिली होती, त्यातला एक हळूच बोलला, "अंकल, रहने दो ना." मेश्रामजींनी ऐकलं की नाही माहीत नाही. ते उठले, डब्यांसमोर जाऊन टाळी वाजवली, आणि पत्र्याकडे पाहत राहिले.

"रिकामा हॉल हाये," ते म्हणाले. "आवाजाले बसाले जागाच नाही. पोरं हो, इथं उभे काहून? घरोघरी जा, गोधड्या आणा. अन् म्हाताऱ्या भेटल्या तं म्हाताऱ्या आणा."

पोरं गेली. अर्ध्या तासात मागच्या भिंतीवर गोधड्या टांगल्या गेल्या, पुढं पंचवीस तीस बाया येऊन बसल्या, वासनिक गुरुजी माझ्याशेजारी येऊन टेकले. डबे मेश्रामजींनी भिंतीवरच थोडे खाली घेऊन पुढं वाकवले, लोकांच्या तोंडाकडे. काकूंनी पुन्हा वाचायला घेतलं. पानावर नऊ रेघा. नॉब. पाच. नॉब. दोन. मग एका पानाच्या शेवटी माझ्या लक्षात आलं की मी बराच वेळ रेघ मारलेलीच नाही. मी वही उंच धरून दाखवली. गुरुजी शेजारी बसून नुसते ऐकत होते, त्यांचं दाखवण्याकडे लक्षच नव्हतं.

मेश्रामजी स्टुलावरून उठले. आता पेन्सिल काढतील आणि पास लिहितील असं मला वाटलं. त्यांनी नॉबची टोपी ओढून काढली. खाली नुसता दांडा राहिला, बोटात न येणारा. ती टोपी त्यांनी नेऊन काकूंच्या हातात दिली.

"हे तुह्याजवळ ठेव. माणसाचा हात शिवशिवते. लोकाइले टोचलं का तू कमी कर, नाही आलं का तू वाढव. पास आता तू करशीन."

काकूंनी ती पदराच्या गाठीत बांधली. डीजे काही आले नाहीत. पौर्णिमेपासून तीन महिने वाचन झालं, आणि पुढच्या वर्षीही, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. सुरुवातीच्या दिवशी काकू गाठ सोडायच्या, टोपी बसवायच्या, अर्धं पान वाचून पाहायच्या, मागं बसलेल्या कोणाला तरी विचारायच्या, आणि टोपी परत गाठीत.

मी रायपुरात पुढं बरीच वर्षं काढली. मग नवी राजधानी गावाबाहेर उभी राहिली, ऑफिस तिकडं गेलं, मला तिकडं क्वार्टर मिळालं. सामान ट्रकवर चढलं त्या संध्याकाळी मी विहारात गेले. वाचन सुरू झालं होतं. सगळ्या म्हाताऱ्या पुढं तोंड करून बसलेल्या. मी नेहमीसारखी मागच्या रांगेत बसले आणि मेश्रामजींना शोधू लागले. बराच वेळ सापडलेच नाहीत, कारण मी लोकांच्या पाठी न्याहाळत होते. ते डब्यांच्या खालीच भिंतीला टेकून बसले होते, ग्रंथाकडे पाठ करून, तोंड लोकांकडे. सगळ्या हॉलमध्ये उलटा बसलेला तेवढा एकच माणूस.

ते ऐकत नव्हते. ऐकणाऱ्यांना पाहत होते. रांगेवरून रांगेवर, एकेका चेहऱ्यावर थांबत. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईनं कानाशी हात नेला तेव्हा त्यांनी मान वळवून काकूंना बोटानं खूण केली, थोडं वाढव. काकूंनी वाचता वाचता गाठ सोडली आणि शेजारी ठेवलेल्या सर्किटवर टोपी बसवून जराशी फिरवली. बाईचा हात खाली आला. मग ते पुढं सरकले, तिसरी रांग, चौथी, आणि माझ्यापर्यंत पोचले. मला ओळखलं, पण हसले नाहीत, कामावर होते ते. भुवया उंचावून विचारलं, येते?

मी मान हलवली. येते, काका. सगळं येते.

त्यांनी मान डोलावली, आणि माझ्या शेजारच्या म्हातारीकडे पाहायला लागले.